दुपारची आई

माझी झोप उडाली ती जिभेपायी.

तापापायी नाही, तापाला मी तोवर सरावले होते. करोना आमच्या घरात आळीपाळीनं सगळ्यांना होऊन गेला होता, आणि मुंगीला तर नावापुरताच. एक दिवस अंग कोमट, दुसऱ्या दिवशी पलंगावर उड्या. मुंगी म्हणजे माझी मुलगी, नुकती शाळेत जायला लागलेली; म्हणजे शाळा बंद असल्यामुळे नुकती मोबाईलसमोर बसायला लागलेली. साखरेच्या डब्यापाशी सारखी सापडायची म्हणून तिच्या बाबांनी हे नाव ठेवलं आणि त्यानं तिचं खरं नाव गिळून टाकलं. तर, दुखणं विसरून आम्ही नवरा-बायको पुन्हा पूर्वीसारखे फालतू कारणांवरून भांडायला लागलो होतो, म्हणजे घर पूर्ण बरं झालं होतं, तेव्हा तिला परत ताप आला. झोपण्यापूर्वी दात घासताना तिनं आरशात बघून जीभ बाहेर काढली आणि ती लाल होती. नुसती लाल नाही. वर बारीक दाणे, स्ट्रॉबेरीवर असतात तसे.

"लाल गोळी खाल्लीस?"

"नाही."

"खरं सांग, मी रागावणार नाही."

"तू आत्ताच रागावलीस," मुंगी म्हणाली.

मग मी तिच्या उशाशी बसून मोबाईलवर जिभांचे फोटो बघत राहिले. मी भूगोल शिकवते. ज्या ठिकाणी कधी गेले नाही त्यांच्याबद्दल ठामपणे बोलायचा मला पगार मिळतो. त्यामुळे असेल, स्वतःच्या घरातल्या कुठल्याच गोष्टीची मला खात्री वाटत नाही. प्रत्येक फोटोतली जीभ मला मुंगीची वाटत होती. उजाडेपर्यंत तिला मी जगातले सगळे रोग लावून काढून टाकले होते.

सकाळी अंग पुसताना पाहिलं तर पाठीवर नकाशा. तांबडी बेटं, मधून फिकट पाण्याच्या पट्ट्या, कमरेपाशी एक अख्खं खंड. डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत. ओठ फुटलेले. तळहात उशीसारखे टम्म. गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला आ करायला लावला, टॉर्च मारला, पाठ बघितली आणि टॉर्च विझवून म्हणाल्या, "घरी नका जाऊ. इथूनच मोठ्या हॉस्पिटलात जा."

आम्ही गेलो. एक टॉवेल, तिचे कपडे, माझा एक साबण. तो साबण दारातच काढून घेतला, बाहेरचं काही आत नको म्हणून. नवऱ्याला फोनवर म्हटलं, संध्याकाळपर्यंत येतो. भाजी आणायला निघालेली माणसं सांगतात तसं.

*

मुलांच्या त्या वॉर्डात भर दुपारी अंधार असे. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं दुपारचंच आहे. करोना होऊन गेल्यावर मुलांना होणाऱ्या या आजारात डोळ्यांना उजेड खुपतो. म्हणून ऊन चढायला लागलं की सिस्टर खिडक्यांचे जाड पडदे ओढून घेत, वरचे दिवे विझत, आणि खोलीत उरत फक्त यंत्रांवरचे हिरवे आकडे. बाहेर वाहनं, माणसं, पाखरं, सगळं चालू; आत मावळल्यासारखं. रात्र बरी, तेव्हा निदान अंधार आपल्या वेळेवर आलेला असतो. हा भलत्या वेळी आलेला अंधार माझ्या अंगावर यायचा. ब्लीचिंगचा वास, मलमाचा वास, आणि त्याखाली तापलेल्या लहान अंगांचा तो गोडसर वास.

प्रत्येक मुलाजवळ घरचं एकच माणूस, तेही किटमध्ये बंद. पायापासून डोक्यापर्यंत पांढरं प्लास्टिक, दोन मास्क, त्यावर पारदर्शक ढाल, हातांत दुहेरी मोजे. सगळे सारखेच दिसायचे म्हणून वॉर्डातल्या मावशी मार्करनं छातीवर नावं लिहीत. माझ्या छातीवर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, "आई", आणि शेजारी एक फूल काढलं.

"फूल कशाला, मावशी?"

"त्याशिवाय मायाळू दिसत नाही हो. या पिशवीत माणूस आणि भूत एकच दिसतंय."

मुंगी मला बघून खाटेच्या कडेला सरकली. मी तिला फूल दाखवलं. अक्षरं दाखवली, ती तिला वाचता येत होती. "बघ, आ... ई. आई."

तिचे ओठ इतके चिरले होते की ती बोलताना ते हलवत नसे. घशातूनच म्हणाली, "लिहिलं म्हणून काय झालं?"

हसले मी. हुशार आहे पोरगी, असंही मनात आलं. आईपणाचा मूर्खपणा कुठल्या वेळी सुचेल, नेम नाही.

शेजारच्या खाटेवर एक रांगतं बाळ होतं आणि त्याच्याजवळ त्याचे वडील. बस चालवायचे. बाळाची आई स्वतःच दुसऱ्या मजल्यावर ऑक्सिजनवर होती. आमच्या दोन खाटांमध्ये एक कापडी पडदा, त्यातून त्यांची बडबड चालायची. "ताई, काळजी नको. हा शेवटचा स्टॉप नाही. इथनं गाडी परत सुटते." आणि दर तासाभरानं, सिस्टरांची पाठ फिरली की, ते ढाल वर करायचे, मास्क हनुवटीखाली ओढायचे आणि बाळाला पूर्ण चेहरा दाखवून जीभ काढून वेडावायचे. बाळ खिदळायचं. मी बघायचे आणि माझे दोन्ही मास्क नाकावर आणखी घट्ट दाबायचे. माझ्या श्वासातून तिला काही झालं तर? नियम कुणी मूर्खपणानं केले नसणार. शाळेतही वर्ग सोडून पळालेली मुलगी मी नव्हे. पळालेल्यांची नावं लिहून देणारी.

तरुण डॉक्टर सकाळी यायचे. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली आणि पस्तावले. मुंगीच्या पोटावरच्या तांबड्या डागावर अंगठा दाबला, उचलला. तिथं पांढरा ठसा उमटला आणि बघता बघता पुन्हा लाल भरून आला.

"दाबलं की पांढरं, सोडलं की लाल. असं भरून येतंय तोवर ठीक. जे दाबून बदलत नाही, त्याची आम्हाला काळजी."

"आणि हृदय?"

"हृदयावर थोडी सूज आहे. मोठं औषध सलाईनमधून सुरू केलंय. तिनं पाणी प्यायला हवं, गोळी पोटात जायला हवी. तोंड दुखतं म्हणून मुलं काहीच घेत नाहीत, आणि तिथंच मार खातात."

हे त्यांनी शांतपणे सांगितलं. तेव्हापासून मला दोनच उद्योग उरले. तिला चमच्यानं पाणी पाजायचा प्रयत्न करायचा, ते तिनं मान फिरवून नाकारायचं. आणि तिच्या अंगावर ठिकठिकाणी बोट दाबून ते भरून येतंय का बघायचं. पोट, मांडी, दंड.

"अहो आई," मावशी म्हणाल्या, "दारावरची बेल आहे का ती?"

*

दुपारी माणसाला जेवायला सोडत. जायचं, किट उतरवायचं, हॉस्पिटलच्या उग्र साबणानं अंघोळ करायची, चार घास गिळायचे, नवं किट चढवून परत यायचं. तोवर मूल सिस्टरांच्या हवाली.

पहिल्यांदा मी परत आले तेव्हा मुंगीच्या ओठांवर मलम लावलेलं होतं. मी लावायला गेले की किंचाळणारी ती. पातळ, एकसारखा थर, कोपऱ्यांपर्यंत नीट. केस विंचरून वर बांधलेले. आणि उशाशी अर्धा रिकामा ग्लास.

मला इतका आनंद झाला की रडूच आलं. आणि ढालीच्या आत रडलं तर पुसता येत नाही, हे तेव्हा कळलं. मी मावशींना धन्यवाद द्यायला गेले.

"मी नाही बाई. मी तर खाली कपडे द्यायला गेले होते."

सिस्टर म्हणाल्या, "मी दोनदा डोकावले, तुम्ही होतात की बसलेल्या. म्हणून परत गेले."

"मी जेवायला गेले होते."

"मग दुसरी कुणी असेल. सगळ्या पांढऱ्याच." त्या घाईत होत्या.

खरं सांगू? मला भीती नाही वाटली. मत्सर वाटला. कुणीतरी नर्स येते आणि माझ्या पोरीला माझ्यापेक्षा चांगलं सांभाळते. मी तिच्या डोक्याशी वाकले. दोन मास्कमधून वास येत नाही म्हणतात, पण आला. माझ्या साबणाचा. घरच्या. दारात काढून घेतला होता तो.

"कुणी पाजलं गं पाणी?"

"आईनं," मुंगी म्हणाली, माझ्याकडे न बघता.

"मी पाजलं?"

तिनं मान हलवली. नाही.

ताप आहे, मी स्वतःला समजावलं. तापात मुलं काहीही बरळतात. मी तिचा गाऊन नीट करायला तिला कुशीवर वळवलं आणि हात तिथंच थांबला.

पाठीवरच्या त्या तांबड्या नकाशात, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, एक पांढरा हात होता.

तळवा आणि पाच बोटं, स्वच्छ कातरून काढल्यासारखी. निजलेल्या मुलाला पाणी पाजायला उठवताना आपण पाठीला देतो तसा आधाराचा हात. मी वाट बघितली. दाबून सोडलेलं भरून येतं. मी बघत राहिले. आला नाही भरून.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आजूबाजूला अंगठा दाबला. ते पांढरं झालं, लाल झालं. हाताच्या आत दाबला. काहीच बदललं नाही.

"चादरीची घडी उमटली असेल," ते म्हणाले. मग तिचा गाऊन खाली ओढून, "लक्ष ठेवू."

चादरीला बोटं असतात का, हे मी विचारलं नाही. ते गेल्यावर मी माझा मोजे घातलेला उजवा हात त्या ठशाच्या वर धरला. लहानपणी दारात सापडून माझी करंगळी कायमची बाहेर वळलेली आहे. लग्न ठरवताना हिच्यावरून बरीच चर्चा झाली होती. ठशाची करंगळी तशीच बाहेर वळलेली होती.

नवऱ्याला फोन केला. तो घरी स्वतःच्या आईला सांभाळत होता, त्यांचा खोकला अजून गेला नव्हता.

"झोपली नाहीस ना तू?"

"हात आहे, अरे. माझा हात."

"अगं, तूच दिवसभर दाबत बसतेस तिला. तूच म्हणालीस."

"मोजे घालून दाबते. बोटानं. अख्खा पंजा कशाला..."

"बाई, तू भिंतीच्या ओलीत पण देश बघतेस," तो म्हणाला. पण त्याचाही आवाज हसला नाही. "पाणी प्यायली ना ती? मग झालं. कुणी का पाजेना."

कुणी का पाजेना. हे मी स्वतःला पुष्कळदा म्हणून बघितलं.

*

नंतर रोजच तसं होऊ लागलं. मी जाऊन आले की ग्लास रिकामा, गोळी घेतलेली, ओठांवर मलम. चिरा मिटत चालल्या. मी दिलेला चमचा मात्र ती दातांनी अडवायची. एकदा तिच्या गाऊनवर एक लांब केस सापडला. माझे केस टोपीत, टोपी किटच्या डोक्यात, वर चिकटपट्टी. तो माझाच होता. टोकाला फाटे फुटलेला आपला केस बाईला अंधारातही ओळखू येतो.

त्या दिवशी पडद्यापलीकडून बसवाले दादा हळूच म्हणाले, "ताई, बरं केलंत."

"काय?"

"तोंडावरचं काढलंत ते. मी म्हणतच होतो. पोर कशी हसली, ऐकलं मी. तुमचा चेहरा पहिल्यांदाच बघितला."

मी पडदा जरा बाजूला केला. "कधी बघितलात?"

"आत्ता. दुपारी. कडेनं थोडं दिसतं की इथून... सॉरी हं, मुद्दाम नाही बघितलं."

"कशी... कशी दिसत होते मी?"

ते गोंधळले. बाईमाणसाच्या चेहऱ्याबद्दल काय बोलावं, असं त्यांना झालं असणार. "कशी म्हणजे... आपली नेहमीसारखी. साधे कपडे. केस मोकळे. ओठाखाली तीळ आहे ना तुमच्या? बाळाच्या आईला पण तिथंच आहे, म्हणून लक्षात राहिला."

माझ्या ओठाखाली तीळ आहे. वॉर्डात पाय ठेवल्यापासून तो दोन मास्कच्या खाली होता.

"दादा," मी म्हटलं, "मी दुपारी इथं नव्हते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या ढालीकडे, छातीवरच्या अक्षरांकडे. मग बाळाला उचलून छातीशी धरलं. त्यांचा विनोद त्यानंतर बंद झाला.

त्या संध्याकाळी मुंगीच्या बोटावरचा चिमटा निघालेला सापडला. नाडी मोजतो तो. यंत्र ओरडू लागलं, सिस्टर धावत आल्या, परत लावला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. दुसऱ्यांदा मी तिला तो काढताना पकडलं. दुसरा हात सलाईनच्या नळीवरची चिकटपट्टी खरवडत होता.

"मुंगी, नको बाळा. का काढतेस?"

"आई म्हणाली, काढायची सवय कर. उद्या न्यायला येणार आहे."

"कुठं न्यायला?"

"जिथं खाजत नाही तिथं."

"कधी येणार आहे?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. लाल डोळे, पापण्या सुजलेल्या. दयेनं बघावं तसं. "तू जेवायला गेलीस की."

*

दुसऱ्या दिवशी मी जेवायला गेले नाही.

गेल्यासारखं केलं. पडदे ओढले गेले, दिवे विझले. "मी येते हं जाऊन," मोठ्यानं म्हटलं, दारापर्यंत चालत गेले, आणि भिंतीच्या कडेनं परत येऊन बसवाल्या दादांच्या बाजूला पडद्याआड उभी राहिले. त्यांनी प्रश्नार्थक मान उडवली. मी तोंडावर बोट ठेवलं, म्हणजे ढालीवर.

किती वेळ उभी होते कोण जाणे. किटच्या आत घाम पाठीवरून उतरत होता. सलाईनचे थेंब. बाळाचा श्वास. माझा स्वतःचा श्वास प्लास्टिकवर आपटून परत येणारा. पलीकडे खुर्ची किंचित करकरली, कुणी टेकल्यासारखी.

आणि मग माझ्या साबणाचा वास पडद्यातून आला.

"कुठं गेली माझी मुंगी?" पलीकडून कुणीतरी म्हणालं. "साखर संपवून गेली..."

तिला कडेवर घेताना मी हे म्हणते. घरी. बाहेर कुणापुढे कधीच म्हटलेलं नाही, लाज वाटते. आवाज माझा होता. फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज परका लागतो ना, तसा नाही. आतून ऐकू येतो तसा. माझ्याच कवटीत बोलल्यासारखा.

मुंगी हसली. किती दिवसांनी हसली.

दादांनी माझं मनगट धरलं. त्यांचे ओठ मास्कआड हलत होते. "ताई... तुम्ही तर इथं आहात... मग तिकडं..."

"चल," तो आवाज म्हणाला. "हात दे बघू..."

यंत्र ओरडलं. चिमटा निघाला होता. मी पडदा ओढला.

खुर्ची रिकामी होती. मुंगी दोन्ही हात वर करून, कुणाच्या तरी गळ्यात टाकल्यासारखे गोल करून, अर्धी उठलेली होती. पाठ गादीपासून वर, मान मागे न पडता अलगद तोललेली. इतके दिवस तिला आधाराशिवाय मानही उचलवत नव्हती. पाठीखाली काही नव्हतं. ती तशी हवेत टेकून होती आणि समोर बघून हसत होती.

मी काय केलं ते मला नंतर सिस्टरांनी सांगितलं. ढाल फेकली. चिकटपट्टी ओढताना कानामागची कातडी निघाली. टोपी, एक मास्क, दुसरा मास्क, मोज्यांचे दोन्ही थर. किट छातीपाशी फाडलं, "आई" लिहिलेलं मधोमध फाटलं. मोकळे केस, घामेजलं तोंड, उघडे हात घेऊन मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"मुंगी. इकडे बघ. मी आहे. मी."

ती माझ्याकडे वळली नाही. मग वळली. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि माझ्या डाव्या बाजूला, जिथं कुणी नव्हतं, तिथं बघितलं. परत माझ्याकडे. आपण दोन दुकानांतलं एकच कापड उजेडात धरून बघतो तसं. मी जिवाच्या आकांतानं म्हटलं, "कुठं गेली माझी मुंगी? साखर संपवून गेली..." आणि माझा आवाज त्या दुसऱ्या आवाजाइतका खरा वाटला नाही, माझा मलाच.

मुंगीचे हात हळूहळू खाली आले आणि माझ्या गळ्यात पडले. पाठ माझ्या तळहातावर टेकली. अंग निखाऱ्यासारखं.

"आई," ती म्हणाली. "आता ते परत घालू नकोस हं."

सिस्टर तोवर ओरडत आल्या होत्या. "वेड लागलंय का तुम्हाला? शिकलेल्या ना तुम्ही?"

"हो," मी म्हटलं, "त्याचाच त्रास आहे."

त्यांच्या मागे दादा उभे होते, बाळाला घट्ट धरून. माझ्याकडे बघत त्यांनी स्वतःच्या मास्कवर, ओठाखाली, बोट टेकवलं आणि मान हलवली. तोच तीळ.

*

त्याच रात्री ताप उतरला. मोठ्या औषधाचा परिणाम, डॉक्टर म्हणाले, आणि मी दोन्ही हातांनी ते मान्य केलं. मुंगी माझ्या हातून पाणी पिऊ लागली, गोळी घेऊ लागली. मला पुन्हा किट घालावं लागलं, नियमच तो. पण ढालीआडून मी तासातासाला मास्क खाली करून तिला चेहरा दाखवायचे आणि सिस्टर तेवढा वेळ कपाटात काहीतरी शोधायच्या. जेवायला मी गेले नाही. मावशी कोपऱ्यात बिस्किटं आणून द्यायच्या, "खा, बेलवाल्या आई."

हृदयाची सूज ओसरली. पुरळ मावळत गेलं. पाठीवरचा तो हात कधी गेला, मला सांगता येणार नाही, कारण तो गेला असं दिसलंच नाही. भोवतीचं लाल फिकं होत होत सगळी पाठच त्या हाताच्या रंगाची झाली.

बसवाल्या दादांचं बाळ आमच्या आधी घरी गेलं, आईसकट. जाताना ते म्हणाले, "सांगितलं होतं ना ताई, गाडी परत सुटते." आणि मग, दारातून परत येऊन, हळू आवाजात, "पोरीला एकटी ठेवू नका. दुपारची."

आम्हाला सोडताना डॉक्टरांनी मुंगीची बोटं बघितली. नखांच्या कडेनं कातडी सुटायला लागली होती. "आता सालं निघतील. हातांची, पायांची. दिसायला वाईट दिसतं, पण हे बरं होण्याचंच लक्षण. ओढू नका. आपली आपण पडतील, खालून नवी कातडी येईल."

घरी आल्यावर मुंगी माझ्या पायात पायात करू लागली. मी स्वयंपाकघरात की ती स्वयंपाकघरात, मी न्हाणीघरात की ती दाराला टेकून. तिचे बाबा म्हणाले, "आता मी काय परका?" ती त्यांना म्हणाली, "तुम्हाला नाही जमत." काय जमत नाही ते सांगितलं नाही. दर वाक्यात आई, आई. मला वाटलं, जिंकले मी. आरशापुढे उभी राहून स्वतःच्या तिळाकडे बघून एकदा हसलेही.

सालं निघत होती. बोटांच्या टोकांवरून पातळ, अर्धपारदर्शक, लसणीच्या पाकळीवरून निघतात तशी. ती ओढत नसे, शहाण्यासारखी वाट बघे. रोज सकाळी उजेडात हात धरून तपासायची. माझ्याकडे बघून मान डोलवायची, आपल्या दोघींचं काही गुपित असल्यासारखी. मीही डोलवायचे. मुलांच्या खेळात आपण असंच तर करतो, न विचारता सामील होतो.

काल दुपारी मी खिडकीशी वह्या तपासत होते. शाळा अजून उघडली नसली तरी भूगोल चालूच असतो. ऊन जमिनीवर पडलं होतं आणि मुंगी त्या उन्हात बसली होती. आता उजेड तिला खुपत नाही. तिच्या उजव्या अंगठ्याचा शेवटचा पापुद्रा लोंबत होता. तो पडला. तिनं तो फुंकर मारून उडवला, उठली, आणि दोन्ही पंजे माझ्या तोंडासमोर पसरून धरले. दहाही बोटं नवी, गुलाबी, गुळगुळीत.

"झाली!" मी म्हटलं. "नवी कोरी झाली माझी मुंगी."

ती दाराशी गेली. आपल्या चपला घातल्या, डावी-उजवी न चुकता. मग माझ्या चपला उचलून घेऊन आली आणि माझ्या पायांशी नीट जोडून ठेवल्या. माझी करंगळी तिनं मुठीत धरली.

"कुठं निघालीस गं?" मी हसत विचारलं.

मुंगीनं माझ्याकडे बघितलं, विसराळू माणसाकडे बघावं तसं.

"ती प्लास्टिकवाली बाई मला नेऊ देत नव्हती, तेव्हा तूच म्हणालीस ना, कानात, की बोटांची सालं निघाली की नेईन? निघाली सगळी. चल ना, आई."